फाइलवरचा एसीएल सी-मधून काढताना: माझा अनुभव

लिनक्स सर्व्हरवरच्या जुन्या फाइल्सवर एसीएल (नेहमीच्या मालक-ग्रुप-इतर परवानग्यांवर भर म्हणून ठरावीक युजर किंवा ग्रुपला वेगळी परवानगी देणारी यादी) चिकटून बसले होते. एलएस -एल केलं की परवानग्यांच्या शेवटी '+' दिसायचं. ते उडवायला सी-मध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला.

आधी एसीएल_डिलीट_डेफ_फाइल वापरलं. एरर नाही, पण '+' जागच्या जागी. हे फंक्शन फक्त डिरेक्टरीचा डीफॉल्ट एसीएल (आत नव्याने बनणाऱ्या फाइल्सना मिळणारा) काढतं, फाइलच्या स्वतःच्या एसीएलला हातही लावत नाही.

मग स्टॅटमधला मोड (फाइलच्या परवानग्यांचा आकडा) घेऊन एसीएल_फ्रॉम_मोडने त्यावरून साधा एसीएल बनवला आणि एसीएल_सेट_फाइलने तो फाइलवर बसवला. '+' गेलं, पण खरी चूक इथेच झाली, आणि ती नीट समजून घ्या. फाइल मुळात 640 होती (मालकाला वाचन-लेखन, ग्रुपला फक्त वाचन). एसीएलमधून एका युजरला वाचन-लेखन दिल्यावर मास्क (मालक आणि इतर सोडून बाकीच्यांना मिळू शकणारी कमाल परवानगी) rw, म्हणजे वाचन-लेखन, झाला आणि स्टॅट 660 दाखवू लागला. एसीएल असताना मोडमधले मधले तीन बिट ग्रुपचे नसतात, मास्कचे असतात! परिणामी ज्या ग्रुपला फक्त वाचायची मुभा होती, त्याला लिहिण्याचीही मिळाली. पगाराच्या फाइलवर असं झालं तर?

शेवटी एसीएल_गेट_फाइलने मूळ यादी घेतली, एकेक नोंद तपासून नावानिशी दिलेले युजर, ग्रुप आणि मास्क तेवढे एसीएल_डिलीट_एंट्रीने काढले. मालक, मूळ ग्रुप आणि इतर तसेच ठेवले. मग एसीएल_व्हॅलिड, एसीएल_सेट_फाइल, आणि आठवणीने एसीएल_फ्री. फाइल पुन्हा 640, '+' गायब. कंपाइल करताना -lacl (एसीएलची लायब्ररी) जोडायला विसरू नका.