ताटाच्या डाव्या बाजूचे मीठ

रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले, तेव्हा आमटी-भाजी अळणी करण्याऐवजी मी आधी ताटाची डावी बाजू तपासली, कारण लोणचे, पापड आणि चटणी यांतून बरेच मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी आहे, आणि तीत फरसाण-बिस्किटांतले मीठही धरावे लागते. लोणच्याच्या जागी लिंबाची फोड आली, पोळीच्या कणकेतले मीठ बंद झाले (घरात कोणाच्या लक्षातही आले नाही), आणि आमटीत आमसूल किंचित वाढवल्याने चव टिकली. बिनमिठाच्या, जिरेपूड घातलेल्या ताकाशी जुळवून घ्यायला मात्र जिभेला वेळ लागला. पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांना घातक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज आणले नाही.