रुग्णालयातल्या चुकीचं मूळ कसं शोधावं?

रुग्णाला चुकीचं औषध गेलं की वॉर्डात पहिला प्रश्न येतो, 'ड्यूटीवर कोण होतं?' शोध एवढ्यावरच थांबला, तर तीच चूक दुसऱ्याच्या हातून पुन्हा होते.

आधी रुग्णाला सांभाळा आणि नातेवाइकांना खरं ते सांगा. लगेच रिकामी ॲम्प्यूल, सिरिंज, लेबल आणि केसपेपर ताब्यात घ्या. एकदा कचरा उचलला गेला की पुरावा संपला.

मग प्रत्येकाशी एकेकट्याने बोला, तेही एक-दोन दिवसांत. विभागप्रमुख समोर असतील तर सिस्टर मोकळेपणी बोलणार नाहीत. 'असं का केलंत?' न म्हणता 'त्या वेळी तुमच्यासमोर काय होतं?' असं विचारा. त्यावरून घटनाक्रम मांडा.

खरं काम यापुढे: प्रत्येक टप्प्यावर 'का?' विचारत मागे जायचं. 2001 मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या 18 वर्षांच्या रुग्णाला व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध पाठीच्या कण्यात टोचलं गेलं. हे औषध फक्त शिरेतून द्यायचं असतं. महिन्याभरात तो मुलगा गेला. पुढे एका डॉक्टरला तुरुंगवासही झाला. पण सुरक्षातज्ज्ञ ब्रायन टॉफ्ट यांनी केलेल्या चौकशीने प्रश्न तिथे सोडला नाही. शिरेतलं आणि पाठीतलं औषध एकाच वेळी हाताशी का होतं? वरिष्ठ डॉक्टर वॉर्डात अगदी नवे असताना त्यांना सगळं ठाऊक आहे असं का धरलं गेलं? ज्युनियरने 'व्हिन्क्रिस्टीन पाठीत?' असं विचारलं होतं. वरिष्ठ 'हो' म्हणाले आणि विषय संपला. पुढे हटकण्याची मुभा त्याला का वाटली नाही? आणि शिरेची सिरिंज पाठीच्या सुईला बसतेच कशी? माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच.

कारण उपायाची ताकद त्यातून ठरते. 'यापुढे काळजी घ्यावी' असं परिपत्रक हा सगळ्यात कच्चा उपाय. थकलेल्या माणसाला रात्री तीन वाजता ते आठवत नाही. चूक करताच येणार नाही अशी सोय करा. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये व्हिन्क्रिस्टीन सिरिंजऐवजी छोट्या सलाईन पिशवीतून देण्याचा सल्ला दिला, तो याच विचाराने: पिशवीतलं औषध चुकून पाठीत टोचणं अवघड. शिरेची सिरिंज बसू नये म्हणून पाठीच्या सुईसाठी वेगळ्या जोडणीचं आंतरराष्ट्रीय मानक 2016 मध्ये आलं.

प्रत्येक उपायाला जबाबदार माणूस आणि तारीख ठरवा. काही महिन्यांनी फाईल न बघता नाईट ड्यूटीच्या वेळी वॉर्डात जा आणि औषध प्रत्यक्षात कसं दिलं जातंय ते पाहा.