केमोनंतरचा ताप आणि कॅज्युअल्टीची नाईट : नवीन जॉइन होणाऱ्यांसाठी

जिल्ह्याच्या दवाखान्यात केमोचं डे केअर सुरू झालं की स्टाफकडून गाईडलाईन पाळून घ्यायचं काम हमखास नवीन पोरापोरींच्या गळ्यात पडते, आमच्या विदर्भात तरी असंच आहे. नॅशनल कॅन्सर ग्रीडच्या (देशभरच्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या) गाईडलाईन आहेत, फुकट मिळतात, पण प्रिंट काढून नुसती वॉर्डात ठेवली तर लोकं तिच्यावर चहाचे कप ठेवतात.

म्हणून सगळं एकदम काढू नका, माझं ऐकाल तर केमोनंतरचा ताप धरा. बऱ्याच केमोत साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, पेशंट तेव्हा गावी असतो, रात्री ताप भरतो, कोणाची तरी गाडी मागून कॅज्युअल्टीत येतो अन् तिथं पॅरासिटामॉल देऊन सांगतात, सकाळी ओपीडीत दाखवा. दिवसभर तापाचेच पेशंट पाहणाऱ्याला हा वेगळा दिसणार तरी कसा? खरं तर एकदाही 101 लागला किंवा 100.4 तासभर टिकला की इमर्जन्सी, सीबीसी (पेशींची मोजणी) अन् कल्चरचं (जंतू शोधायचं) ब्लड घ्यायचं पण रिपोर्टची वाट पाहायची नाही, तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक.

स्टाफचं लेक्चर घ्यायच्या आधी एक नाईट कॅज्युअल्टीत बसून पाहा बाप्पा. आमच्याकडे सिस्टरला सगळं माहीत होतं, पण अँटिबायोटिकचं इंजेक्शन स्टोअरच्या कुलपात अन् किल्ली स्टोअरवाल्यासोबत घरी! दोन डोस इमर्जन्सी ट्रॉलीत ठेवून घेतले तेव्हा गाडी हलली. मग पेशंटच्या फाईलला लाल कार्ड लावलं, मोठ्या अक्षरात 'माझी केमो चालू आहे, ताप आला तर लगेच डॉक्टरला बोलवा', ते दाखवून नातेवाईकच भांडतात, आपल्याला काही बोलावं लागत नाही.

रजिस्टरमध्ये दोनच रकाने वाढवा, आला किती वाजता, इंजेक्शन किती वाजता. उशीर दिसला तर इन्चार्ज सिस्टरला एकटीला गाठून विचारा, 'ताई, त्या रात्री कुठं अडलं?' चारचौघात 'काहून दिलं नाही' म्हणाल तर पुढच्या महिन्यापासून वेळा खोट्या लिहिल्या जातील. सिनिअर डॉक्टर 'आम्ही असंच करत आलो' म्हणतीलच, वाद घालू नका, त्यांच्याच वॉर्डाचं रजिस्टर समोर ठेवा.

हे बसलं की पुढचा विषय घ्या. तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते 6 आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजे, अन् खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) आपल्याकडे हे पेशंट भरपूर. तिथं स्टाफपेक्षा रेडिएशनसाठी नागपुरात राहायचं कुठं हाच प्रश्न मोठा असते, त्यामुळे समाजसेवा अधीक्षकांना ऑपरेशनच्या आधीच गाठून ठेवा, टाके काढायच्या दिवशी नाही.