प्रोसेसर गेला म्हणण्याआधी

"ताई, प्रोसेसर गेलो वाटता," असं म्हणत कुणी पीसी टेबलावर ठेवला की मी आधी विचारते, "घर दर्याकडे, की वर?" दर्याकाठच्या मशीनचं झाकण उघडलं की बरेचदा स्क्रू गंजलेले आणि रॅमचे सोनेरी दात हिरवट पडलेले असतात. मालवणात चौदा वर्षं हेच काम करतेय; खरोखर मेलेले प्रोसेसर मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. म्हणून संशय त्याच्यावर मी सगळ्यात शेवटी घेते.

काम करता करता पीसी धाडकन बंद पडत असेल, तर आधी ताप बघा. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन तापमानाच्या आकड्यावर पाच मिनिटं नजर ठेवा. ४०-५० च्या आसपास थांबला तर ठीक. सुरू केल्या केल्या सरसर चढून ९० कडे गेला, तर कूलर सैल आहे किंवा त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली पेस्ट वाळलीय. सावकाश चढत असेल तर पंख्यात धूळ. (एकदा एका होमस्टेवाल्या काकींच्या पंख्यात पाल अडकली होती. काकी दोन दिवस "भाजल्याचो वास येता" म्हणत होत्या.) इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर साधारण १०० अंशांना आणि एएमडीचे बरेचसे रायझन ९५ ला आधी स्वतःचा वेग कमी करतात, तरीही ताप वाढला तर मशीन बंद करतात. म्हणजे हे बंद पडणं त्याची शुद्ध शाबूत असल्याची खूण.

निळा पडदा येत असेल तर रॅम काढून दात खोडरबराने पुसा, एकेक पट्टी लावून बघा, रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा. बायोस डिफॉल्टवर आणा. ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेग, कुणी करून ठेवलेलं असतं ते घरच्यांनाही माहीत नसतं. पावसात लाईट खालीवर होते, तेव्हा दुसरा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

एवढं करूनही रडगाणं चालूच असेल, तर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा. 'सिस्टम' लॉगमध्ये 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger) नावाच्या नोंदी शोधा. १९ नंबर म्हणजे चूक झाली, पण सावरली. १८ म्हणजे सावरता आली नाही. नोंदीत खाली 'प्रोसेसर एपिक आयडी' (Processor APIC ID) लिहिलेला असतो, म्हणजे प्रोसेसरच्या कुठल्या कोअरवर चूक झाली त्याचा नंबर. मी तो कागदावर उतरवून घेते. दहा नोंदींत दहा वेगळे आकडे दिसले तर माझा संशय मदरबोर्डाकडे आणि व्होल्टेजकडे जातो. पुन्हा पुन्हा एकच आकडा आला, तर तो एक कोअर दमलाय. इथे मात्र मीही म्हणते, गेलो.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचा जोरकस डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर लक्षणं फसवी असतात. गेम म्हणते व्हिडिओ मेमरी संपली, झिप फाईल उलगडताना अडकते, आणि लोक ग्राफिक कार्ड बदलून बसतात. जादा व्होल्टेजमुळे हे होतं असं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायोसमधून अपडेट दिलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी झालेली झीज अपडेटने भरून येत नाही.

पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच नाही, बोर्डावर 'सीपीयू'चा दिवा पेटलेला, अशा वेळी पुरावा एकच: तीच चिप, म्हणजे प्रोसेसर, दुसऱ्या चालू बोर्डात लावून बघणं. जुने एएम४ सॉकेटवाले रायझन असतील तर सांभाळून, त्यांच्या पिना चिपलाच असतात. माझ्याच हातून एका जुलैत थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला गेला आणि वाळलेल्या पेस्टला चिकटून चिप सॉकेटातून उपटून आली. चार पिना वाकल्या. शिसं काढलेल्या पेन्सिलीच्या नळीने त्या सरळ करायला दीड तास गेला, गिऱ्हाईक समोर चहा पीत बसलेलं. तेव्हापासून मशीन सुरू होत असेल तर पंधरा मिनिटं चालवून गरम करते, नाहीतर ड्रायरने शेकते, आणि कूलर डावीउजवीकडे हलकेच पिळून मगच उचलते. इंटेलमध्ये आणि एएम५ मध्ये पिना सॉकेटात असतात. तिथे बोट लावू नका.

नवी चिप बसवताना पेस्ट लावण्याआधी झाकणावरच्या नंबराचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. वॉरंटीला तोच विचारतात, आणि तेव्हा तो कूलरखाली असतो.