कनेटिकटचा फलक: नाव, नदी, सनावळी

बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर प्रदर्शन लावले की अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांचा फलक येतोच. सयाजीरावांनी त्यांना १९१० मध्ये न्यू हेवनहून आणले. मात्र ते शहर ज्या राज्यात आहे, त्या कनेटिकटचा फलक घाईत उरकला जातो.

२२ × २८ इंची कार्डशीट आडवी घ्या. डावा एक तृतीयांश भाग नकाशाला ठेवा. आधी नदी काढा, सीमा नंतर. कनेटिकट नदी सुमारे ६५० किलोमीटर लांब. कॅनडाच्या सीमेजवळ उगम पावते आणि चार राज्यांना स्पर्श करत लाँग आयलंड साउंड या अटलांटिकच्या फाट्याला मिळते. नकाशा फक्त राज्यापुरता काढला तर ती तोकडी दिसते आणि नाव कळत नाही. तिथल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषेतल्या शब्दाचा अर्थ साधारण ‘भरतीच्या लांब नदीकाठी’ असा. भरूचला नर्मदेत चढते तशी इथे भरती राजधानी हार्टफर्डच्याही वर पोचते. तेवढा पट्टा गडद निळा रंगवा. शीर्षकात ‘कनेक्टिकट’ लिहू नका, स्पेलिंगमधला मधला ‘सी’ उच्चारत नाहीत.

उजवीकडे सनावळी. हाताने दीड सेंटीमीटर उंच अक्षर काढले तर ८०-९० शब्दच मावतात, म्हणून निवड करावी लागते. १६३६: धर्मोपदेशक टॉमस हुकर आणि अनुयायी मॅसॅच्युसेट्सहून हार्टफर्डला. १६३९: फंडामेंटल ऑर्डर्स, म्हणजे कारभाराचे लेखी नियम. १६६२: राजा दुसरा चार्ल्स याची सनद. ९ जानेवारी १७८८: संघराज्यातले पाचवे राज्य.

दुसऱ्या नोंदीवर हमखास वाद होतो. ऑर्डर्स जानेवारीतल्या, आणि तेव्हा इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जुन्या कागदांत १६३८ सापडते. १६३९ लिहून खाली बारीक अक्षरात ‘जुन्या गणनेने १६३८’ टाका.

१६३६ वरून थेट १६३९ वर उडी मारणारा फलक आमच्या मते अर्धवट. मधे इंग्रज वसाहतवाले आणि तिथली मूळ पीक्वॉट जमात यांच्यात पीक्वॉट युद्ध झाले, आणि १६३८ च्या हार्टफर्ड तहाने त्या जमातीच्या नावावरच बंदी आली. जागा कमी पडली तर शीर्षक लहान करा, ही ओळ गाळू नका.

चित्राला चार्टर ओक, म्हणजे ‘सनदेचा ओक’ वृक्ष, घ्या. १६८७ मध्ये ती १६६२ ची सनद त्याच्या ढोलीत लपवली, ही आख्यायिका. फलकावर ‘आख्यायिका’ हाच शब्द लिहा. झाड १८५६ च्या वादळात पडले. नमुन्याला १९९९ चे पाव डॉलरचे नाणे चांगले, त्यावर हाच वृक्ष आहे. बडोद्यात हात सवयीने वडाकडे वळतो; पारंब्या काढू नका.