चाळीतला १ मे: आम्ही कसा करतो

आमच्या लालबागच्या चाळीत १ मे म्हणजे दोन सण: महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. सकाळी झेंडावंदन उरकून घ्या, कामगारांचा कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर ठेवा. दुपारच्या उन्हात कोणी बसत नाही.

आठवडाभर आधी ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे त्यांनाच वेळ विचारा. एका वर्षी आम्ही विचारलं नाही आणि सफाईच्या ताई, रात्रपाळीचा वॉचमन, कोणीच येऊ शकलं नाही. ते मला अजून लागतं. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून आधीच काढा, दहाला बंद.

भाषण एकच, पाच मिनिटांचं: १८८६चा शिकागोच्या कामगारांचा संप, दिवसाला आठच तास कामाची त्यांची मागणी, आणि आपले नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. मग माइक जुन्या गिरणी कामगारांकडे द्या. "अनुभव सांगा" म्हटलं की माणूस अडखळतो. "कुठल्या खात्यात होता? पाळी कुठली?" असं विचारा. गेल्या वर्षी साचेखात्यातल्या, म्हणजे मागावर विणकाम करणाऱ्या, एका आजोबांनी तुटलेला धागा कसा जोडायचे ते दाखवलं. बोटं थरथरत होती, पण गाठ क्षणात बसली. पोरं पुढे सरकून बघत राहिली.

कोपऱ्यात एक टेबल ई-श्रम नोंदणीसाठी, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीसाठी, लावा. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक आणायला आधीच सांगा.

मिसळ-पाव आणि कोकम सरबत पुरतं. वाढायचं मात्र आपण. घरकाम करणाऱ्या मावशींना त्या दिवशी एकही ताट उचलू देऊ नका.