लशीची बातमी आली की टक्के सोडा, आधी माणसं मोजा

लशीवरच्या कुठल्याही बातमीत, फॉरवर्डमध्ये, रीलमध्ये एक आकडा ठळक असतो, ७७ टक्के, ९५ टक्के, ९९ टक्के, आणि आपण तिथेच अडकतो. तो आकडा जरा बाजूला ठेवायचा आणि त्याच्यामागे माणसं किती होती ते शोधायचं. एवढं जरी केलंत तरी बऱ्याचशा बातम्यांची हवा आपोआप जाते. त्याला सायन्सची डिग्री लागत नाही, सातवीचं गणित पुरतं.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची कोव्हॅक्सिन घेऊ. पुण्याच्या एनआयव्हीने, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेने, व्हायरस वेगळा काढला, हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली, आणि तिसऱ्या टप्प्याच्या ट्रायलचा पेपर (म्हणजे शोधनिबंध, वर्तमानपत्र नव्हे) नोव्हेंबर २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. हेडलाइन होती ७७.८ टक्के. बऱ्याच जणांनी याचा अर्थ लावला की १०० जणांनी लस घेतली तर २२ जणांना कोविड होणारच. तसं अजिबात नाही. हिशोब असा आहे बघा: लस घेतलेल्या ८४७१ लोकांपैकी २४ जणांना लक्षणांसकट कोविड झाला, आणि प्लासिबो म्हणजे नुसतं बिनलशीचं इंजेक्शन घेतलेल्या ८५०२ पैकी १०६ जणांना झाला. दोन्ही गट जवळपास सारखेच, मग १०६ च्या जागी २४ म्हणजे साधारण ७७ टक्के कमी झाले, बस. (पेपरमध्ये प्रत्येकावर किती दिवस लक्ष ठेवलं तेही धरतात म्हणून ७७.८ येतं.) म्हणजे संरक्षणाचा टक्का हा कायम दुसऱ्या गटाच्या तुलनेत असतो. ज्या बातमीत दुसरा गटच नाही त्या बातमीतला टक्का मी तरी वाचत नाही.

आता त्याच पेपरमध्ये आणखी एक आकडा आहे जो तेव्हा जोरात फिरला, गंभीर आजारापासून ९३.४ टक्के संरक्षण. इथेही माणसं मोजा. गंभीर केसेस एकूण १६, त्यातला १ लशीच्या गटातला आणि १५ प्लासिबोच्या. एवढ्याशा केसेसवर काढलेला टक्का डळमळीत असणारच, आणि ते पेपर लिहिणाऱ्यांनी लपवलेलं पण नाही, आकड्याच्या शेजारीच कंसात एक रेंज दिलेली असते, इथे ती ५७.१ ते ९९.८ आहे. म्हणजे खरा आकडा ५७ च्या आसपास असू शकतो किंवा ९९ च्या, दोन्ही या माहितीत बसतं. एकूण ७७.८ ची रेंज ६५.२ ते ८६.४, ती जरा आवळलेली, कारण केसेस १३०. बातमीवाले ही रेंज नेमाने गाळतात आणि मला विचाराल तर त्या सगळ्या पानावर सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच असते.

मग काय मोजलं ते बघायचं. लक्षणं असलेला आजार, बिनलक्षणाचा संसर्ग, हॉस्पिटलात ॲडमिट होणं, की नुसत्या रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे आजाराशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं? याच ट्रायलमध्ये बिनलक्षणाच्या संसर्गाचा आकडा ६३.६ वर आला आणि डेल्टा व्हेरियंटपुरता बघितला तर ६५.२. लस एकच, आकडे चार, ज्याला जो सोयीचा तो उचलतो. आणि हे सगळं ओमायक्रॉन व्हेरियंटच्या आधीचं, त्यामुळे तारीख न बघता जुना स्क्रीनशॉट आज फिरवण्यात काही अर्थ नाही.

अँटीबॉडीवाला मुद्दा जरा नीट समजून घ्या, कारण नवीन लशींच्या बातम्यांत तो जास्त येतो. चिकनगुनियाची इक्सचिक नावाची लस नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, २८ दिवसांनी जवळजवळ ९९ टक्के लोकांत पुरेशा अँटीबॉडी दिसल्या म्हणून, पण ते तपासलं होतं २६६ लोकांच्या रक्तात. इतक्या जणांना चिकनगुनिया होण्यापासून वाचवलं असा तो आकडा नव्हता. चिकनगुनियाची साथ अचानक येते अन् जाते, साथीची वाट बघत ट्रायल करणं अवघड, म्हणून असं करतात, त्यात चोरी काही नाही, पण वाचणाऱ्याला फरक कळला पाहिजे.

पुढे २०२५ मध्ये हिंदी महासागरातल्या फ्रान्सच्या रियुनियन बेटावर चिकनगुनियाची मोठी साथ आली, तिथे ही लस द्यायला घेतली आणि वयस्कर लोकांमध्ये गंभीर त्रासाच्या केसेस आल्या. एप्रिलमध्ये फ्रान्सने ६५ च्या पुढच्यांना देणं थांबवलं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेने लायसन्सच सस्पेंड केलं. मग ट्रायलमध्ये हे इतकं ठळक कसं नाही दिसलं? लस घेतलेले होते तीन हजारांच्या आसपास, त्यात म्हातारी माणसं थोडी. एक सोपा नियम लक्षात ठेवा, तीन हजार लोकांत एखादा त्रास एकदाही दिसला नाही तरी तो हजारात एकाला होत असू शकतो. त्यामुळे ‘एकही साइड इफेक्ट नाही’ असं वाचलं की लगेच विचारायचं, किती लोकांत, आणि आमच्या आजीच्या वयाचे त्यात किती?

उलट्या बाजूचे फॉरवर्ड पण याच पद्धतीने तपासा, तिथे लोक जास्त फसतात. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाऊनला कोविडचा मोठा उद्रेक झाला, ४६९ केसेस, त्यातले ३४६ म्हणजे ७४ टक्के पूर्ण लस घेतलेले. झालं, लस फेल म्हणून बोंब. पण त्या राज्यात लसपात्र लोकांपैकी ६९ टक्क्यांनी लस घेतलेलीच होती, म्हणजे गर्दीतच लसवाले जास्त, मग पेशंटमध्येही तेच जास्त दिसणार ना? समजा सगळ्यांनीच लस घेतली तर १०० टक्के पेशंट लसवालेच निघतील. संसर्ग थांबवायला लस डेल्टापुढे कमी पडत होती हे त्यातून नक्की दिसलं, पण ४६९ पैकी ॲडमिट झाले ५ आणि दगावलं कोणीच नाही, हे वाक्य फॉरवर्डमध्ये कधीच नव्हतं.

पेपर शोधायला पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंधांच्या फुकट वेबसाइटवर, जायचं, लशीचं नाव आणि वर्ष टाकायचं, सारांश फुकट असतो. त्यातला फाइंडिंग्ज किंवा रिझल्ट्स हा भाग आधी वाचा, वरच्या बहुतेक गोष्टी तिथेच मिळतात, आणि फंडिंगची, म्हणजे पैसा कोणी दिला ती ओळ असेल तर बघा. कोव्हॅक्सिनच्या पेपरवर भारत बायोटेक आणि आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था आहे, त्याने पेपर खोटा ठरत नाही, पण माहीत असलेलं बरं. ‘प्रीप्रिंट’ लिहिलेलं दिसलं तर अजून कोणी तपासलेलं नाही असं समजा. जानेवारी २०२० च्या शेवटी दिल्लीतून एक प्रीप्रिंट आलं होतं, कोरोनाच्या स्पाइकमध्ये, म्हणजे व्हायरसच्या बाहेरच्या काट्यासारख्या प्रथिनात, एचआयव्हीसारखे चार तुकडे आहेत म्हणून, ते छोटे तुकडे इतर कितीतरी जीवांमध्येही सापडतात असं लोकांनी दाखवल्यावर दोन-तीन दिवसांत लेखकांनीच मागे घेतलं. त्याचे मेसेज मात्र नंतरही फिरतच होते.

ग्रुपवर वाद घालत बसू नका, फक्त लिंक मागा. आणि प्रश्न स्वतःच्या घरातल्या माणसाला लस द्यायची की नाही हा असेल तर वय, शुगर-बीपी, चालू गोळ्या कागदावर लिहून डॉक्टरकडे जा आणि विचारा की अशा लोकांवर ही लस तपासली आहे का.